इंग्रजी अध्यापन : ‘रिमूव्ह’ या क्रियापदाचे अर्थ व उपयोग



शाळाभेटीच्या वेळी एक वाक्य मला अनेक वर्गांत ऐकू येते. इंग्रजीचा तास सुरू होतो आणि गुरुजी किंवा बाई मुलांना सांगतात, ‘रिमूव्ह युवर नोटबुक्स.’ मुले दप्तरातून वह्या काढतात आणि पाठ सुरू होतो. सांगणाऱ्याचे म्हणणे मुलांस समजले, काम झाले. मग यात चूक ती कोणती, असे कोणी विचारील. चूक अशी की, ज्याची मातृभाषा इंग्रजी आहे असा मुलगा त्या वर्गात असता, तर त्याने बाकावरची वही उचलून दूर ठेवली असती. म्हणजे आपण सांगितले त्याच्या नेमके उलट त्याने केले असते.

हे वाक्य मी स्वतःही पुष्कळ वर्षे वर्गात वापरले आहे. तेव्हा प्रस्तुत पाठ कोणाचा दोष दाखविण्यासाठी लिहिलेला नाही. आपल्या राज्यात २००० सालापासून इंग्रजी पहिलीपासून शिकविले जाते. त्यापूर्वी ते पाचवीपासून होते, आणि माझ्या वयाचे बहुतेक शिक्षक त्याच रीतीने शिकलेले आहेत. आम्हांस शब्दांचे अर्थ पाठ करवून घेतले गेले. ‘रिमूव्ह म्हणजे काढणे’ हा त्यांपैकी एक. तो अर्थ खोटा नाही, पण अपुरा आहे; आणि अपुरा अर्थ कधी कधी खोट्या अर्थाहून अधिक घोटाळा करतो.

या पाठात इंग्रजी वाक्ये मुखपाठाच्या सोयीसाठी देवनागरीत दिली आहेत. फळ्यावर ती अर्थातच रोमन लिपीत लिहावीत.

१. शब्दाची ओळख

उच्चार : ‘रिमूव्ह’ या शब्दात ‘मू’ दीर्घ असून आघात त्याच अक्षरावर आहे. स्पेलिंगमधील ‘ओ’ पाहून मुले ‘रिमोव्ह’ असे वाचतात. ‘मूव्ह’, ‘प्रूव्ह’, ‘रिमूव्ह’ हे तीन शब्द एकत्र म्हणवून घेतल्यास हा दोष लवकर जातो.

रूपे : भूतकाळ व भूतकालवाचक धातुसाधित ही दोन्ही रूपे ‘रिमूव्ह्ड’ अशी एकच आहेत. नाम ‘रिमूव्हल’.

मूळ : हा शब्द लॅटिन भाषेतून जुन्या फ्रेंच भाषेच्या मार्गाने इंग्रजीत आला. ‘रि’ म्हणजे मागे अथवा दूर, आणि पुढील भाग हलविण्याचा अर्थ दाखवितो. ‘मूव्ह’, ‘मोशन’, ‘मोटर’ हे शब्द त्याच कुळातील होत. मुलांना या कुळातील आणखी एक शब्द घरोघर परिचित आहे, तो म्हणजे दूरदर्शन संचाचा ‘रिमोट’. ‘रिमोट’ म्हणजे दूर सारलेला, दूरचा. आपल्या तालुक्यातील ज्या शाळांस आपण दुर्गम म्हणतो, त्यांनाही इंग्रजीत हाच शब्द लावतात. रिमोटची ओळख असलेल्या मुलास ‘रिमूव्ह’मधील दूर नेण्याची कल्पना सहज पटते.

ही कल्पनाच या क्रियापदाचे बीज होय. वस्तू एका जागी आहे, ती तेथे नको आहे किंवा तेथे राहावयाची नाही, म्हणून ती तेथून दूर करावयाची. बोलणाऱ्याचे लक्ष ती जागा मोकळी होण्याकडे असते.

२. उपयोगाचे प्रकार

(अ) वस्तू असलेल्या जागेवरून दूर नेणे. ‘रिमूव्ह द स्टोन्स फ्रॉम द फील्ड’, म्हणजे शेतातील दगड दूर करा. जागा सांगावयाची असल्यास तिच्यापूर्वी ‘फ्रॉम’ येते. काही मुले ‘रिमूव्ह आउट’ असे लिहितात. तेथे ‘आउट’ नको, कारण दूर नेण्याचा अर्थ क्रियापदातच आहे.

(आ) अंगावरील वस्तू उतरविणे. ‘प्लीज रिमूव्ह युवर शूज’ असे फलकावर लिहितात. हा प्रयोग औपचारिक आहे. नित्याच्या बोलण्यात ‘टेक ऑफ युवर शूज’ असे म्हणतात. दोन्ही वाक्ये बरोबर आहेत. फलकाची भाषा व घरची भाषा यांत जो फरक, तोच येथे आहे.

(इ) नको असलेली गोष्ट नाहीशी करणे. कपड्याचा डाग, शेतातील तण, खाडीतील गाळ, माशाचे काटे यांना हे क्रियापद चालते. डोळ्यांना न दिसणाऱ्या गोष्टींनाही ते चालते : शंका, भीती, अडचण. ‘द टीचर रिमूव्ह्ड हर डाउट’, म्हणजे बाईंनी तिची शंका दूर केली.

(ई) यादीतून अथवा पदावरून दूर करणे. पटावरील नाव कमी करणे, एखाद्यास पदावरून दूर करणे या ठिकाणी हेच क्रियापद येते. शिक्षेच्या नियमांत ‘रिमूव्हल’ व ‘डिसमिसल’ असे दोन वेगळे शब्द आढळतात. पहिल्याचा अर्थ सेवेतून काढून टाकणे. त्याने पुढील शासकीय नोकरीची वाट सामान्यतः बंद होत नाही. दुसऱ्याचा अर्थ बडतर्फ करणे. त्याने ती सामान्यतः बंद होते. एका शब्दाच्या फरकाने मनुष्याच्या उपजीविकेत केवढा फरक पडतो, याचे हे उदाहरण आहे.

(उ) संगणक व भ्रमणध्वनी. येथे ‘रिमूव्ह’ व ‘डिलीट’ यांतील भेद पाहण्यासारखा आहे. शिक्षकांच्या व्हॉट्सॲप गटातून एखाद्यास ‘रिमूव्ह’ केले, तर तो गटाबाहेर जातो, पण त्याचा क्रमांक व त्याचे संदेश आपल्यापाशी राहतात. संदेश ‘डिलीट’ केला तर तो पुसला जातो. दूर करणे व पुसून टाकणे या दोन क्रिया भिन्न आहेत.

३. मराठीतील ‘काढणे’

आता आपल्या क्रियापदाकडे वळू. ‘काढणे’ हा मराठीतील अत्यंत संपन्न धातूंपैकी एक आहे. मोल्सवर्थ व कँडी बंधू यांनी १८३१ साली मराठी-इंग्रजी कोश प्रसिद्ध केला, व त्याची वाढविलेली दुसरी आवृत्ती १८५७ साली निघाली. त्या कोशातही या धातूचे काम एका इंग्रजी शब्दाने भागलेले नाही. याचे कारण शब्दाच्या मुळाशी आहे. पालीत ‘कड्ढति’ व प्राकृतात ‘कड्ढइ’ अशी याची पूर्वरूपे असून त्यांचा अर्थ ‘ओढणे’ असा आहे. ओढून बाहेर आणलेली वस्तू कधी टाकून द्यावयाची असते, कधी हाती घ्यावयाची असते, तर कधी नव्यानेच प्रकट व्हावयाची असते. ‘काढणे’ हे तिन्ही अर्थ सांभाळते. ‘रिमूव्ह’ केवळ पहिल्याच्या वाट्यास येते.

पुढील प्रयोग पाहावेत.

वही काढणे – टेक आउट.
चित्र काढणे, विहिरीचे पाणी काढणे – ड्रॉ.
छायाचित्र काढणे – टेक.
तिकीट काढणे – बाय.
बँकेतून पैसे काढणे – विथड्रॉ.
नारळ, सुपारी काढणे – पिक.
शेतातील कांदा काढणे – हार्वेस्ट.
उत्तर, सरासरी, लसावि काढणे – फाइंड.
आवाज काढणे – मेक.
खोडी काढणे – टीझ.
आठवण काढणे – रिमेंबर.
शाळा काढणे, वर्तमानपत्र काढणे – स्टार्ट.

शेवटच्या प्रयोगाकडे विशेष लक्ष द्यावे. जोतीराव फुले यांनी १८४८ साली पुण्यात मुलींची शाळा काढली. हे वाक्य मुलाने पाठ केलेल्या अर्थाने इंग्रजीत नेले, तर फुल्यांनी शाळा हटविली असा अर्थ होतो. ज्यांनी आयुष्य वेचून शाळा उभ्या केल्या, त्यांच्याविषयी आपला विद्यार्थी नकळत उलट साक्ष देतो.

आपल्या जिल्ह्यातील उदाहरण घ्या. महाडच्या परिषदेस जमलेल्या लोकांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली २० मार्च १९२७ रोजी चवदार तळ्यापर्यंत मिरवणूक काढली. अस्पृश्यता दूर करण्याच्या लढ्यातील तो मोठा दिवस होता. येथे ‘मिरवणूक काढली’ यास ‘रिमूव्ह’ चालणार नाही. ‘मार्च्ड इन अ प्रोसेशन’ असे म्हणावे लागेल. मात्र ‘अस्पृश्यता दूर करणे’ यास ते चालेल. इतिहासाच्या एकाच पाठात दोन्ही प्रकार मुलांपुढे ठेवता येतात.

तसेच अलिबागच्या पांढऱ्या कांद्याचे. २०२२ साली त्यास भौगोलिक मानांकन मिळाले. शेतकरी तण काढतो आणि कांदाही काढतो. तण काढताना ते शेतात नको म्हणून काढतो, तेव्हा ‘रिमूव्ह’. कांदा घरी हवा म्हणून काढतो, तेव्हा ‘हार्वेस्ट’. हात तोच, जमीन तीच. हेतू बदलला की इंग्रजी क्रियापद बदलते.

इंग्रजीचा ‘ड्रॉ’ हा शब्दही मुळात ओढण्याच्या अर्थाचा आहे. ‘ड्रॅग’ हा त्याचा नातलग. म्हणूनच इंग्रज मनुष्य विहिरीचे पाणीही ‘ड्रॉ’ करतो आणि चित्रही ‘ड्रॉ’ करतो. आपणही रेघ ‘ओढतो’ आणि चित्र ‘काढतो’. पाणी व चित्र यांना एकच क्रियापद लावणारे मराठी मूल काही विपरीत करीत नाही. दोन दूरच्या भाषांनी येथे एकच वाट धरली आहे. हे मुलांना अवश्य सांगावे. आपली भाषा म्हणजे चुकांचे मूळ, असा समज त्यांच्या मनात राहू नये.

४. एक अनुभव

हा समज कसा निर्माण होतो, हे मला माझ्याच चुकीने शिकविले. साधारण २००६ सालची गोष्ट. मी किनाऱ्यावरील एका गावी सहावीस इंग्रजी शिकवीत होतो. जुलैचे दिवस होते. मासेमारीच्या पावसाळी बंदीमुळे होड्या वर ओढून झाकून ठेवलेल्या होत्या. मी मुलांस ‘माझी आई’ या विषयावर पाच वाक्ये लिहावयास सांगितली. एका कोळ्याच्या मुलीने पुढील अर्थाची वाक्ये लिहिली होती, आणि प्रत्येक वाक्यात ‘रिमूव्ह’ हेच क्रियापद होते : माझी आई विहिरीतून पाणी काढते. ती रांगोळी काढते. ती माशाचे काटे काढून मला देते. ती दिवस काढते.

‘शी रिमूव्ह्ज डेज’ हे वाक्य मी मोठ्याने वाचले. वर्ग हसला आणि मीही हसलो. मी विचारले, ‘काय गं, तुझी आई कॅलेंडरची पाने फाडते की काय?’ ती उभी राहिली व हळू आवाजात म्हणाली, ‘नाही सर. बाबांची होडी बंद आहे ना, म्हणून आई दिवस काढते.’

वर्ग शांत झाला. मी तिला बसावयास सांगितले, वाक्याभोवती तांबडे वर्तुळ केले आणि पुढची वही घेतली. त्या वेळी तिला द्यावयास मजजवळ योग्य इंग्रजी वाक्य नव्हते, हे खरे कारण. ते कबूल करण्याचे धैर्य मला झाले नाही.

शाळा सुटल्यावर मी ती वही पुन्हा पाहिली. त्यांपैकी माशाच्या काट्यांचे वाक्य पूर्ण बरोबर होते. त्यावरही मी घाईने तांबडी खूण केली होती. आणि जे वाक्य सर्वांत चुकीचे म्हणून मी वाचून दाखविले, तेच एकटे पाठ्यपुस्तकातून आलेले नव्हते. ते तिच्या घरातून आलेले होते. त्यानंतर वर्षभर त्या मुलीने निबंधात पुस्तकातील वाक्येच लिहिली. त्यांत चुका नव्हत्या, आणि तिची आईही नव्हती.

त्या दिवशी तिला एवढेच सांगावयास हवे होते : ‘बाळ, तुझे म्हणणे मला समजले. इंग्रजीत ते असे म्हणतात : शी इज समहाउ गेटिंग थ्रू द डेज.’ दिवस काढणे यास ‘गेट थ्रू’ हा प्रयोग जवळचा आहे. कसेबसे पार होणे असा त्याचा भाव आहे. एका ओळीचे काम होते.

५. कसोटी

मुलांच्या हाती देण्याजोगी एक सोपी कसोटी आहे. तीही मराठीनेच पुरविली आहे. आपण ‘काढणे’ यास सहायक क्रियापदे जोडून अर्थ वेगळे करतो : काढून टाकणे, काढून घेणे, काढून ठेवणे, काढून देणे. तेव्हा वाक्यातील ‘काढणे’ याच्या जागी ‘काढून टाकणे’, ‘दूर करणे’ किंवा ‘उतरविणे’ यांपैकी एक शब्द घालून पाहावा. वाक्य पटले तर ‘रिमूव्ह’ योजावे. न पटल्यास दुसरे क्रियापद शोधावे.

डाग काढून टाक – पटते. चपला उतरव – पटते. वही काढून टाक – पटत नाही. चित्र दूर कर – वाक्य होते, पण अर्थ बदलतो. म्हणून तेही नाही. ‘भिंतीवरचे चित्र काढ’ या वाक्यात मात्र भिंतीवर टांगलेले चित्र उतरवावयाचे असेल तर ‘रिमूव्ह’, आणि भिंतीवर नव्याने रंगवावयाचे असेल तर ‘ड्रॉ’ अथवा ‘पेंट’. असे दुहेरी वाक्य मुलांस फार आवडते.

ही कसोटी सर्वत्र पुरी पडेल असे नाही. पण प्राथमिक शाळेच्या पातळीवर ती बहुतेक ठिकाणी उपयोगी पडते. मुख्य म्हणजे ती वापरण्यासाठी मुलास आधी मराठीत विचार करावा लागतो.

६. पाठाचे टाचण (इयत्ता पाचवी अथवा सहावी, एक तासिका)

साहित्य : सूप, दोन ओंजळी तांदूळ, त्यात मिसळलेले दहाबारा खडे, एक वाटी, टोपी, वही.

प्रस्तावना : घरी तांदूळ कोण निवडते, कशासाठी निवडते, असे प्रश्न विचारावेत.

विषयप्रतिपादन : एका मुलास पुढे बोलावून सुपातील खडे काढावयास सांगावे. तो काढीत असता शिक्षकाने म्हणावे, ‘ही इज रिमूव्हिंग द स्टोन्स.’ नंतर दुसऱ्या मुलीस त्याच सुपातून वाटीभर तांदूळ काढावयास सांगावे व म्हणावे, ‘शी इज टेकिंग आउट सम राइस.’ मराठी अर्थ या वेळी सांगू नये. क्रिया दोनतीनदा करवून घ्यावी.

तुलना : खड्यांचे काय केले? टाकले. तांदळाचे काय करणार? शिजविणार. सूप एकच असता इंग्रजी क्रियापदे दोन का आली, हे मुलांकडूनच वदवून घ्यावे. घाई करू नये. पाठाचा प्राण येथे आहे.

सामान्यीकरण : ‘नको म्हणून दूर करणे ते रिमूव्ह, हवे म्हणून बाहेर घेणे ते टेक आउट’ हा नियम मुलांच्या शब्दांत फळ्यावर लिहावा. टोपी व वही यांवर तो लावून पाहावा.

उपयोजन : प्रत्येक मुलाने आपल्या घरात, शेतात किंवा बंदरावर ऐकलेले ‘काढणे’चे एक मराठी वाक्य सांगावे. शिक्षकाने ती फळ्यावर लिहून वर्गाच्या साह्याने दोन गटांत विभागावीत. एखाद्या वाक्याचे इंग्रजी आपणास येत नसल्यास तसे स्पष्ट सांगावे, ते वहीत टिपून घ्यावे व दुसऱ्या दिवशी शोधून आणावे. यात शिक्षकाचा मान कमी होत नाही.

७. सरावासाठी वाक्ये

पुढील वाक्यांत कोठे ‘रिमूव्ह’ चालेल ते ठरवून इतर ठिकाणी योग्य क्रियापद लिहावे.

(१) आजोबांनी पायातला काटा काढला.
(२) ताईने मुरूडच्या किल्ल्याचे छायाचित्र काढले.
(३) गावकऱ्यांनी तळ्यातला गाळ काढला.
(४) मामांनी अलिबागहून मांडव्याचे तिकीट काढले.
(५) आईने भाजीतला कढीपत्ता काढला.
(६) बाबांनी बागेतले नारळ काढले.
(७) गुरुजींनी वहीतल्या चुका काढल्या.

पहिले, तिसरे व पाचवे वाक्य ‘रिमूव्ह’चे आहे. दुसऱ्यास ‘टेक’, चौथ्यास ‘बाय’ व सहाव्यास ‘पिक’ हे क्रियापद येईल.

सातव्या वाक्यावर थोडे थांबावे. मराठीत चुका काढणे म्हणजे चुका शोधून दाखविणे. इंग्रजीत ‘रिमूव्ह द मिस्टेक्स’ म्हटले तर चुका नाहीशा करणे असा अर्थ होतो. ही दोन कामे एक नव्हेत. तांबड्या शाईने पहिले काम घटकाभरात होते आणि ते आपण सर्वजण नित्य करतो. दुसऱ्या कामास मुलाचे म्हणणे आधी समजून घ्यावे लागते, आणि मग त्याच्या हाती योग्य शब्द द्यावा लागतो. या पाठापुरते दोन्ही अर्थ मुलांस समजावून द्यावेत, आणि वह्या तपासताना आपण यांपैकी कोणत्या अर्थाने चुका काढीत आहोत, याचा विचार प्रत्येकाने आपापल्या टेबलाशी बसून करावा.

पुढील केंद्रसंमेलनास येताना प्रत्येक शाळेने मुलांकडून मिळालेली ‘काढणे’ची किमान दहा वाक्ये लिहून आणावीत. ज्यांचे इंग्रजी सापडले नाही ती वाक्ये आवर्जून आणावीत; त्यांचा विचार आपण एकत्र बसून करू.